वापरलेल्या तेलाचा साबण करून प्लास्टिकचा चुरा धुतला, चिकटपणा जाण्याऐवजी वाढला. कुठं चुकलं?

दाणेवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

आमचं अक्कलकोट रोडला छोटं युनिट आहे. एक ग्राइंडर, सिमेंटचे तीन हौद, पाणी निथळायला एक जुनाट ड्रायर. काम करणारे म्हणजे मी, आमचे मिस्टर आणि दोन मावश्या. माल मुख्यतः खाद्यतेलाचे १५ लिटरचे कॅन, म्हणजे एचडी (एचडीपीई, जाड टणक प्लास्टिक). मिस्टर टेम्पो घेऊन हॉटेलं आणि भंगारवाले फिरतात. आम्ही लेबल खरवडायचं, झाकणं वेगळी करायची, दळायचं, धुवायचं, वाळवायचं आणि चुरा पोत्यात भरून दाणा मशीनवाल्याला द्यायचा, तो चुरा वितळवून त्याचे नवे दाणे काढतो. दाणा आम्ही काढत नाही, नाव नुसतं दाणेवाली.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे की तेलाचा कॅन कधी रिकामा नसतो. उपडा करून ठेवला तरी आतून एक पातळ थर राहतोच. वर उन्हात महिनाभर पडलेला असला तर तो थर डिंकासारखा होतो. आजवर आम्ही सुटी धुण्याची पावडर आणि मूठभर कॉस्टिक सोडा असं घालत होतो. महिन्याला ४० किलो पावडर लागते.

आता मुद्दा. माझ्या नणंदेचा भजी-वड्याचा गाडा आहे. तिच्याकडे पंधरवड्याला एक डबा काळं तेल साठतं. आधी ती ते मोरीत ओतायची. दिवाळीच्या तोंडावर मोरी अशी तुंबली की प्लंबरने आतून चक्क पांढऱ्या मेणाचे गोळे काढले. तेव्हापासून ती डबे माझ्याकडे पाठवते, "वहिनी, तुमच्या कारखान्यात खपवा." मला आठवलं, आमची आजी खराब झालेल्या तेलात कॉस्टिक घालून भांड्यांचा साबण करायची. म्हटलं तेलाचे कॅन तेलाच्याच साबणाने धुवू, पावडरचा खर्च वाचेल.

पहिल्या खेपेला जर्मनच्या पातेल्यात कॉस्टिक कालवलं. हसू नका. दोन मिनिटांत पातेलं खदखदायला लागलं, गॅस नसताना. डोळ्यांत पाणी, घशात खवखव. मिस्टरांनी लांब बांबूने ते पातेलं अंगणात ढकललं. दुसऱ्या दिवशी बुडाला भोकं. सासूबाईंच्या रुखवताचं पातेलं होतं. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला प्लास्टिकचा ड्रम घेतला. २० लिटर तेल कपड्यातून गाळलं, २ किलो कॉस्टिक ७ लिटर पाण्यात विरघळवून गार करून हळूहळू ओतलं, लाकडी दांड्याने तासभर ढवळलं. नेटवर प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, त्यामुळे घाबरून कमीच घातलं. तीन दिवसांत घट्ट झालं. रंग गुळाचा, हाताला लोण्यासारखं मऊ. मला वाटलं जमलं.

मग १००० लिटरच्या हौदात बोअरचं पाणी, त्यात ४ किलो साबण गरम पाण्यात कालवून घातला. फेस नाही. पाणी मात्र दूध फाटावं तसं फाटलं. वर करड्या-पांढऱ्या साईचे तुकडे. तरीही चुरा टाकला, मावश्यांनी फावड्याने अर्धा तास हलवला, मग दुसऱ्या हौदात खळखळलं, वाळवलं. वाळल्यावर दिसायला बरा होता, पण मुठीत घेतला की हाताला चिकटायचा. दाणा मशीनवाल्याने ११ पोती घेतली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाला, वहिनी, स्क्रू माल ओढतच नाही, घसरतोय, धूर निघतोय, आणि दाण्याला भजीचा वास येतोय. ११ च्या ११ पोती परत. टेम्पोभाडं माझ्याच बोकांडी.

तर विचारायचं हे की मुळात असा साबण या कामाला चालतो का? कॉस्टिक किती घालायचं? पाण्याचा दोष आहे का? आरओवाल्याने मागे पाणी तपासून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ११०० सांगितला होता. आणि जमलं तर पुढे याच साबणावर पाण्याच्या बाटल्याही धुवाव्यात असा विचार आहे, तो बरोबर आहे का?

---

नुसताच_वाचक

ताई, एवढा खटाटोप कशाला? बाजारातून ॲसिड स्लरी (डिटर्जंट बनवायचं आम्लासारखं रसायन) आणा, कॉस्टिकने मारा, झालं लिक्विड तयार. ते तेल बायोडिझेलवाल्यांना विका. आजकाल काळ्या तेलालाही भाव आहे.

---

प्रोसेसवाला_इचल

ताई, मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये ३१ वर्षं काढली. आता घरी बसून असतो. प्लास्टिकमधलं मला कळत नाही, पण साबण, कॉस्टिक आणि जड पाणी या तिघांशी माझं आयुष्य गेलं. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या दोन चुका एकमेकींच्या अंगावर पडल्या आहेत. वेगवेगळ्या असत्या तर कदाचित खपून गेल्या असत्या.

आधी कॉस्टिक. गाड्यावरचं तेल बहुतेक पामोलिन असणार. पाम जातीच्या १ किलो तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १४१ ग्रॅम कॉस्टिक लागतं. सोयाबीन, सूर्यफुलाला थोडं कमी, १३५ च्या आसपास. हे किलोमागे आहे, लिटरमागे नाही. तुमचं २० लिटर तेल वजनाला १८ किलोच्या थोडं वर भरतं. म्हणजे शुद्ध कॉस्टिक २ किलो ५७० ग्रॅम हवं होतं, आणि बाजारातले कॉस्टिकचे फ्लेक्स ९८ टक्क्यांचे धरले तर २ किलो ६२०. तुम्ही घातलं २ किलो. तेवढ्यात जेमतेम १४ किलो तेलाचा साबण झाला. उरलेलं ४ किलोंवर तेल त्या लोण्यात तसंच, कच्चं, लपून बसलं. साबण त्याला धरून ठेवतो म्हणून वर तरंगून दिसलं नाही. थोडक्यात, तुम्ही तेलाचे कॅन तेलानेच धुतलेत.

कुणी सांगेल की तळून तळून तेल आंबलेलं असतं, म्हणून कॉस्टिक बरंच जास्त लागतं. बायोडिझेल करताना ते खरं आहे. साबणाच्या बाबतीत नाही. तेलातून सुटं झालेलं आम्लही तेवढंच कॉस्टिक खातं जेवढं तेलात बांधलेलं असताना खाल्लं असतं. तुम्ही २ किलो ७०० ग्रॅम घाला. अंगाचा साबण करणारे जाणूनबुजून ५ टक्के तेल मोकळं ठेवतात, कातडी कोरडी पडू नये म्हणून. तुमच्या चुऱ्याला कातडी नाही. उलट थोडं कॉस्टिक शिल्लक राहिलं तर कॅनमधला जुना थर सुटायला मदतच होईल.

आता पाणी. टीडीएस आणि जडपणा एक नव्हे. टीडीएसमध्ये साधं मीठही येतं आणि मिठाने साबण असा लगेच फाटत नाही. फाडतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मत्स्यालयाच्या दुकानात हार्डनेसचं थेंबांचं किट मिळतं, ते आणून मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. तुमचं बोअर ६०० ला असेल असं धरून चालतो. १००० लिटरमध्ये मग ६०० ग्रॅम जडपणा. तो मरायला साबण किती लागतो माहीत आहे? साडेतीन किलोच्या वर. शुद्ध साबण.

तुम्ही घातलेल्या ४ किलोत पाणी आणि कच्चं तेल वजा जाता खरा साबण २ किलोच्या जवळपास होता. तो सगळाच्या सगळा पाण्याने खाल्ला. चुऱ्यापर्यंत एक ग्रॅमही पोचला नाही. जी फाटलेली साय दिसली ती कॅल्शियमचा साबण, पाण्यात न विरघळणारा, आणि त्यात ते सव्वासहाशे ग्रॅम कच्चं तेल मिसळलेलं. फेस येणार कुठून?

उपाय स्वस्त आहे. साबणाच्या आधी धुण्याचा सोडा. (खाण्याचा नव्हे, तोही प्रयोग लोकांनी केलेला आहे.) ६०० च्या पाण्याला हजार लिटरमागे पाऊण किलो सोडा आणि वर एक मूठ कॉस्टिक, कारण मॅग्नेशियम नुसत्या सोड्याला दाद देत नाही. रात्री घालून ढवळून ठेवा. सकाळी तळाला पांढरा गाळ बसलेला असेल. वरचं पाणी दुसऱ्या हौदात घ्या आणि मग त्यात साबण. पाऊण किलो सोड्याने साडेतीन किलो साबण वाचतो. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी हा हिशेब मी पाटीवर मांडून दाखवायचो.

साबण झाला की नाही हे बघायची सोपी रीत. नखाएवढा तुकडा घरच्या आरओच्या गरम पाण्यात विरघळवा, काचेच्या ग्लासात. पाणी नितळ राहिलं तर पूर्ण झाला. दुधाळ दिसलं किंवा वर तेलाचे डोळे आले तर कच्चा आहे. बोअरच्या पाण्यात ही परीक्षा करू नका, ते काहीही घातलं तरी दुधाळच होणार.

जर्मनच्या पातेल्याबद्दल, तुम्ही थोडक्यात वाचलात. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक पडलं की हायड्रोजन निघतो, आणि तो पेट घेतो. गॅस बंद होता हे नशीब. स्टील किंवा जाड प्लास्टिकचा ड्रम, डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. आणि कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. उडालं तर आधी भरपूर पाणी. व्हिनेगर, लिंबू शोधत बसू नका.

सासूबाईंना सांगून टाका. भोकं पडलेलं पातेलं जास्त दिवस लपत नाही.

---

कढईवाले

आमचा बार्शीत फरसाणाचा धंदा. ॲसिड स्लरीचं मला कळत नाही, पण काळ्या तेलाबद्दल सांगतो. १ जुलै २०१८ पासून तेलातले टीपीसी, म्हणजे तळून तयार झालेले पोलर पदार्थ, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळायला वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुको नावाची योजना आली, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची. ज्यांची तळणाला दिवसाला ५० लिटरच्या वर तेलाची खपत आहे त्यांना मार्च २०१९ पासून रजिस्टर ठेवावं लागतं, तेल किती आणलं, किती टाकलं, कुणाला दिलं. आम्ही त्यात येतो, तुमच्या नणंदबाईंचा गाडा येणार नाही.

तरी एक सांगतो. बाहेरच्या हॉटेलांचं तेल घ्यायला लागलात तर हे लक्षात ठेवा की ५० लिटरच्या वरच्या लोकांना ते नोंद असलेल्या एजन्सीलाच द्यावं लागतं. घरच्या घरी चाललंय तोवर ठीक. आणि चांगलं गाळून घ्या. तळाला बसलेला बेसनाचा गाळ कॉस्टिकमध्ये गेला की जो घाणेरडा वास सुटतो तो आठवडाभर जात नाही. आम्ही देण्याआधी गरम मिठाच्या पाण्यात तेल ढवळून रात्रभर ठेवतो. गाळ, हळद, मीठ-मसाला सगळं खाली बसतं, वरचं तेल बरंच उजळतं.

काळ्या तेलाला भाव आहे हे वर म्हटलंय ते खरं, पण तो भाव कोण देतो तेही बघावं. आमच्याकडे एक जण यायचा, पावती नाही, नाव नाही, रोख पैसे. नंतर कळलं की ते तेल गाळून पुन्हा गाड्यांवरच जात होतं. तेव्हापासून पावती नाही तर तेल नाही. त्यापेक्षा ताईंच्या साबणात गेलेलं बरं.

---

दाणेवाली_सोलापूर

काका, तुमची पोस्ट मी वहीत उतरवून घेतली. मिस्टर म्हणाले, एवढं दहावीला लिहिलं असतंस तर.

नुसताच_वाचक यांना आधी उत्तर देते. पावडर ५५ रुपये किलोने घेते, महिन्याला २२०० जातात. वाचली तर चैन नाही करणार, पण मावश्यांचा दिवाळीचा बोनस त्यातून निघेल. ॲसिड स्लरीचा कॅन एकदा आणला होता. हाताळायला भीती वाटते आणि फेस इतका की हौदाबाहेर. आणि बायोडिझेलवाले महिन्याच्या दोन डब्यांसाठी सोलापुरात गाडी पाठवणार नाहीत हो, मी फोन करून झालंय.

तर झालं असं. किट आणलं. थेंब मोजता मोजता हात दुखला. ६५० आलं! म्हणजे काकांचा अंदाज फार चुकला नाही. कढईवाले दादांनी सांगितलं तसं तेल मिठाच्या पाण्यात ठेवलं. खाली जे बसलं ते बघून मी आठवडाभर भजी खाल्ली नाही. मग २ किलो ७०० कॉस्टिक वजनकाट्यावर मोजून. पाच दिवस मुरू दिला. ग्लासातली परीक्षा पास, पाणी नितळ.

हौदात पाऊण किलो सोडा, मूठभर कॉस्टिक, रात्रभर. सकाळी तळाला चुन्यासारखा थर. वरचं पाणी घेऊन बंबात तापवून कोमट केलं, २ किलो साबण घातला. फेस आला. खरा फेस. मावशी म्हणाल्या, आता कसं कपडे धुतल्यासारखं वाटतंय. चुरा टाकला, हलवला, पाणी काळं होत गेलं, चुरा पांढरा. मी फोटो काढून ठेवला.

मग तो चुरा काढून खळखळायच्या हौदात टाकला आणि डोळ्यांसमोर पुन्हा तीच साय. तीच फाटलेली. चुरा तरंगतो, सायही तरंगते, जाळीने काढायला गेलं की दोन्ही एकत्रच येतं. वाळल्यावर पांढरट भुकटी, हाताला किंचित मेणचट. पहिल्यापेक्षा खूप बरं, पण दाणा मशीनवाल्याकडे न्यायचं धाडस झालं नाही.

काका, आता काय?

---

प्रोसेसवाला_इचल

हे मी आधीच सांगायला हवं होतं. माझी चूक.

धुतलेला चुरा हौदातून काढला तरी त्याच्या अंगाला साबणाचं पाणी असतंच. ते घेऊन तो ६५० च्या कच्च्या बोअरच्या पाण्यात गेला की तिथे जडपणा साबणाची वाटच बघत असतो. फाटायची क्रिया चुऱ्याच्या अंगावरच होते आणि साय तिथेच चिकटते. कापडातही नेमकं हेच व्हायचं, टॉवेल कडक आणि करडा व्हायचा, आणि मालक म्हणायचा साबण वाईट आहे. साबण वाईट नसायचा, खळखळणं वाईट असायचं.

पहिलं खळखळणं सोडा मारलेल्याच पाण्यात करा. तेही कोमट. पाम तेलाच्या साबणाला थंड पाण्याचा राग आहे, गार पडला की तो गोठल्यासारखा होतो आणि सुटत नाही. ६० अंशांपर्यंत पाणी मिळालं तर उत्तम, एचडीला तेवढ्याने काही होत नाही. एकदा साबण सुटला की दुसरं खळखळणं खुशाल बोअरच्या पाण्यात करा, तेव्हा फाटायला काही उरलेलं नसेल. पाणी वाया जात नाही, पहिलं खळखळायचं पाणी पुढच्या घाण्याला धुवायला वापरा. त्यात साबण आणि सोडा दोन्ही आहेत.

एवढं करूनही थोडी साय राहिली तर धुण्याच्या हौदात वाटीभर एसएलईएस घाला, भांड्याचं लिक्विड करणारे वापरतात ते. ते जड पाण्याला फारसं भीत नाही आणि सायीचे तुकडे सुटे ठेवतं, जमू देत नाही. हट्टाने शंभर टक्के घरचाच साबण वापरायला हवा असं काही नाही.

आणि आता माझा प्रश्न. हे सगळं पाणी जातं कुठे?

---

फ्लेक्स_भोसरी

मी बाटल्यांचं काम करतो, पेट. ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये विचारलंय म्हणून लिहितो. बाटल्यांसाठी हा साबण वापरू नका. मी एकदा वापरून बसलोय.

तुमच्या कॅनमध्ये घाण म्हणजे तेल. तिथे साबण बरोबर आहे. बाटलीत तेल नसतं, तिथे खरा त्रास लेबलच्या गोंदाचा. तो सुटतो गरम कॉस्टिकने, दीड-दोन टक्के, ८० ते ८५ अंश, आणि फ्लेक्स, म्हणजे बाटल्यांचा चुरा, एकमेकांवर जोरात घासले गेले पाहिजेत. आम्ही त्यात फक्त कमी फेसाचं डिटर्जंट जरासं घालतो. साबण घातला त्या दिवशी फ्रिक्शन वॉशरमधून, म्हणजे फ्लेक्स घासून धुणाऱ्या मशीनमधून, फेस जो बाहेर आला तो शेजारच्या गाळ्यात गेला. फेस गेल्यावर कळलं की त्याच्या बुडबुड्यांवर बसून बारीक पेटही वाहून गेलंय. आमचं सगळं वेगळं करणं बुडण्या-तरंगण्यावर चालतं. पेट पाण्यापेक्षा जड, १.३८, ते बुडतं. झाकणं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एचडीची, ती तरंगतात. फेसाने हा खेळच बिघडतो.

शिवाय पेटच्या अंगावर अल्कली किंवा साबण राहिला आणि तसाच तापला की माल पिवळा पडतो, ताकद जाते. आमचे गिऱ्हाईक पीएच बघितल्याशिवाय पोतं उतरवत नाहीत. एचडीला एवढे नखरे नसतात. तुम्ही कॅनवरच राहा.

गंमत म्हणजे ती जी साय तुम्हाला छळतेय तिचाच स्वच्छ भाऊ, कॅल्शियम स्टिअरेट, प्लास्टिकवाले पैसे देऊन आणतात आणि एचडीत चिमूटभर घालतात. तुमच्याकडे तो फुकट येतोय, फक्त भजीच्या वासासकट.

---

दाणेवाली_सोलापूर

काका, पाणी कुठे जातं हे विचारलंत तेव्हाच कळलं की आता ओरडा बसणार. आजवर मागच्या शोषखड्ड्यात सोडत होतो. पावडरचं पाणी होतं तेव्हा मुरायचं. या महिन्यात खड्डा पाणी घेईना, वर मेणाचा पापुद्रा. नणंदेची मोरी माझ्या अंगणात आली.

---

प्रोसेसवाला_इचल

ओरडत नाही. पण खड्ड्यात सोडू नका. तुमचं बोअर तिथून किती फुटांवर आहे याचा विचार करा.

इथे जडपणाला कामाला लावा. धुताना जो वैरी, तो आता मित्र. धुण्याचं पाणी अगदीच काळं झालं की एका ड्रममध्ये घेऊन त्यात चुन्याची निवळी घाला आणि ढवळा. साबण फाटेल, आणि फाटताना तेल, मळ, शाई सगळं बरोबर ओढून घेईल. काही वर येईल, काही खाली बसेल. वरचं जाळीने काढा, खालचं गोणपाटातून गाळा. बारीक प्लास्टिकही त्यातच अडकतं, ते नाल्यात जाता कामा नये. राहिलेलं पाणी चुन्याने बरंच अल्कली असेल, त्याचा पीएच थोड्या आम्लाने साताच्या आसपास आणा, पट्टीने बघा.

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याच्या मर्यादा आहेत: पीएच ५.५ ते ९, तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजताना जिवाणू खातात तो ऑक्सिजन) ३०, सीओडी (तीच घाण रसायनाने मोजलेली) २५०. नुसत्या चुन्याने तुम्ही बीओडीत बसणार नाही, कारण साबणातलं ग्लिसरीन पाण्यातच राहतं. म्हणून सोडण्यापेक्षा तेच पाणी कॅनच्या पहिल्या धुण्याला फिरवा, जिथे नुसती माती काढायची असते. आमच्या गावाने पंचगंगेचं काय करून ठेवलं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यात माझाही हात होता. प्रदूषण मंडळाची संमती आणि प्लास्टिक रिसायकलरची नोंदणी केली नसेल तर करून घ्या. छोटं युनिट म्हणून सुटका नाही.

---

दाणेवाली_सोलापूर

दोन महिन्यांनी लिहितेय, कुणी पुढे हाच धागा शोधत आलं तर उपयोगी पडावं म्हणून.

पहिलं खळखळणं सोड्याच्या कोमट पाण्यात सुरू केलं त्या दिवशी साय गेली. नव्वद टक्के गेली म्हणा. राहिली ती एसएलईएसने. दाणा मशीनवाल्याकडे आधी एकच पोतं नेलं, तिथेच उभी राहून मशीनमधून काढायला लावलं. स्क्रूने ओढलं. धूर नाही. त्याने दाणा हातावर घेतला, नाकाला लावला, पुन्हा लावला. म्हणाला, वहिनी, वास आहे, पण भजीचा नाही, शेवेचा आहे. भावात किलोला एक रुपया कमी करून घेतो म्हणाला. मी अर्ध्या रुपयावर आणलं.

वासासाठी आता एक करते. साबण झाला की तो गरम पाण्यात पातळ करून त्यात मीठ टाकते, बरंच. साबण दह्यासारखा फाटून वर येतो, खाली काळं पाणी राहतं. वास आणि रंग बहुतेक त्या काळ्या पाण्यात जातो. ही आजीची रीत, सासूबाईंनी आठवण करून दिली. पातेल्याचं सांगितल्यावर. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी कॉस्टिक मडक्यात कालवायचे, एवढंही माहीत नव्हतं का.

पावडर ४० किलोवरून १२ वर आली. पूर्ण बंद नाही झाली, कारण पावसाळी कॅन येतात त्यात चिखल जास्त असतो आणि चिखलाला पावडरच बरी. कॉस्टिक, सोडा, चुना, बंबाची लाकडं सगळं धरून महिन्याला हजारेक रुपये सुटतात. मावशींचा वेळ धरला नाही, तो धरला तर मिस्टर म्हणतात शून्य. पण नणंदेच्या दोन डब्यांसाठी सुरू केलेलं आता तिच्या शेजारचे तीन गाडेवालेही डबे आणून ठेवतात, आणि त्या ओळीतली मोरी यंदा तुंबलेली नाही.

नोंदणीची फाइल चालू आहे. चुन्याने काढलेली साय उन्हात वाळवते, एक पोतं भरलंय, खडूसारखी झाली आहे. काका, तिचं काय करायचं? मावशी म्हणतात बंबात जळण म्हणून घालू. त्यात बारीक प्लास्टिक आहे म्हणून मी थांबवलंय.

---

प्रोसेसवाला_इचल

बरं केलंत. बंबात नको. पोतं कोरड्या जागी ठेवा, वर तारीख लिहा. संमतीच्या अर्जात टाकाऊ गाळाचा रकाना असतो, त्यात महिन्याला किती किलो निघते ते वजन करून भरा. मग कुठे द्यायचं ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या.